मज्जातंतूंची वेदना आणि दीर्घकालीन औषधे : गरज समंजस शिस्तीची

(‘दीर्घकालीन आजार आणि कुटुंब’ या विषयावरील व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ चिकित्सकांनी केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या विषयांवर आपल्या समाजात आता पुष्कळ बोलले जाते. शिबिरे होतात, तपासण्या होतात, घराघरात त्याची चर्चा असते. परंतु एक दुखणे असे आहे की ते अनेक घरांत आहे, वर्षानुवर्षे आहे आणि तरीही त्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. रात्री तळपायांची आग होते म्हणून ओले फडके गुंडाळून झोपू पाहणारे आजोबा आपण पाहिले असतील. नागीण बरी होऊन वर्ष उलटले, तरी छातीच्या एका बाजूला पदराचा स्पर्शही सहन न होणारी आजी पाहिली असेल. गालातून वीज सळसळावी तशी कळ येते म्हणून दात घासायला आणि घास चावायला भिणारी गृहिणी पाहिली असेल. ही सर्व मज्जातंतूंच्या वेदनेची उदाहरणे आहेत.

या रुग्णांना जी औषधे दिली जातात, ती चार-आठ दिवसांची नसतात. महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. अशा औषधांविषयी दोन टोकांच्या वृत्ती मला सतत दिसतात. पहिली भीतीची. ‘या गोळ्यांची सवय लागते’, ‘मूत्रपिंडे जातात’, ‘या तर डोक्याच्या आजाराच्या गोळ्या आहेत’ असे कोणीतरी सांगते आणि रुग्ण एके दिवशी सर्व औषध एकदम बंद करतो. दुसरी वृत्ती बेफिकिरीची. चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी दुकानदाराला दाखवायची आणि पाकिटे आणत राहायची. गुण किती, अपाय किती, याचा विचारच करायचा नाही. दोन्ही प्रकारांत नुकसान रुग्णाचेच होते. ही औषधे दीर्घकाळ घेता येतात, अनेकांना घ्यावीच लागतात. मात्र ती जितका काळ घ्यायची, तितका काळ त्यांचा जमाखर्चही ठेवावा लागतो, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

शीर आणि मज्जातंतू

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर करू. बोलीभाषेत आपण ‘शीर दबली’, ‘नस चमकली’ असे म्हणतो. वस्तुतः शीर म्हणजे रक्त वाहणारी वाहिनी. संवेदना वाहून नेणारा तो मज्जातंतू. बोटाला चटका बसला की त्याची वार्ता मज्जातंतूंमार्फत मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे जाते आणि आपल्याला वेदना जाणवते. ही वेदना उपकारक आहे, कारण ती धोक्याची सूचना देते. हात मागे घेतला, जखम भरली, की ती थांबते.

परंतु ही वार्ता नेणारी तारच बिघडली तर? मग बोटाला काहीही झालेले नसताना चटक्याची वार्ता मेंदूकडे जात राहते. आग होणे, मुंग्या येणे, सुया टोचल्यासारखे वाटणे, विजेचा झटका बसणे, पांघरुणाचा स्पर्शही न सोसणे, ही तिची लक्षणे. आणखी चमत्कारिक गोष्ट अशी की, त्याच पायाला बधिरपणाही असतो. पायात खिळा घुसला तरी कळत नाही आणि रात्री मात्र आग आग होते. घरच्यांना हे विसंगत वाटते आणि रुग्ण अतिशयोक्ती करतो असा समज होतो. ती अतिशयोक्ती नसते. तंतूची हानी झाली की खरी संवेदना हरवते आणि खोटी निर्माण होते.

मधुमेह हे याचे सर्वांत मोठे कारण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, २०२१ मध्ये आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. ज्यांचा मधुमेह अनेक वर्षांचा आहे, अशांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मज्जातंतूंना कमी-अधिक हानी पोहोचते आणि त्यांतील बऱ्याच जणांना वेदना होते. त्याखेरीज नागीण, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मद्यपान, कुष्ठरोग, कर्करोगावरील काही औषधे, मणक्यातील चकती सरकून दबलेला तंतू, अशी अनेक कारणे आहेत.

नेहमीच्या वेदनाशामकांची मर्यादा

दुखले की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायचे, ही आपली सवय. सांधा सुजला, स्नायू लचकला, तर या गोळ्या काम करतात, कारण त्या सूज कमी करतात. मज्जातंतूंच्या वेदनेत मूळ बिघाड सुजेचा नसतो, संदेशवहनाचा असतो. त्यामुळे या गोळ्यांचा तेथे फारसा उपयोग होत नाही. आराम पडत नाही म्हणून रुग्ण एकाच्या दोन, दोनाच्या तीन करतो आणि त्याची किंमत जठर व मूत्रपिंडे मोजतात. मधुमेहाने आधीच मूत्रपिंडावर ताण असलेल्या माणसाने ही चूक करणे फार महागात पडते.

दुसरी सर्वपरिचित वस्तू म्हणजे ‘नसांची ताकदीची गोळी’, अर्थात ब जीवनसत्त्वे. ब-१२ कमी असेल तर ते दिलेच पाहिजे. शाकाहारी कुटुंबांत आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता वारंवार आढळते. रक्ततपासणीत ती कळते. परंतु कमतरता नसताना ही गोळी वेदना घालवील, असे मानण्यास आधार नाही. उलट ब-६ हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच मज्जातंतूंना इजा होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ताकदीची म्हणून दोन-तीन निरनिराळी पाकिटे एकदम घेणाऱ्यांनी पाकिटामागील घटकांची यादी एकदा वाचून पाहावी.

औषध दुसऱ्या आजाराचे कसे?

मग उपयोगी पडते काय? येथे रुग्णाच्या मनात शंका उत्पन्न होते. डॉक्टर गोळी लिहून देतात, मुलगा तिची माहिती वाचतो आणि त्यात ‘अपस्मार’ किंवा ‘नैराश्य’ असे शब्द दिसतात. ‘मला काय वेड लागले आहे?’ असे म्हणून बाबा गोळी बाजूला ठेवतात. म्हणून या औषधांचा इतिहास थोडा सांगतो.

कार्बामाझेपिन हे औषध १९५३ साली स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर शिंडलर यांनी प्रथम तयार केले. चेहऱ्यावरील विजेसारख्या कळांवर ते चालते, हे ब्लॉम या चिकित्सकाने १९६२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून मांडले. आजही या विशिष्ट व्याधीत ते पहिल्या पसंतीचे औषध आहे. अमिट्रिप्टिलिनला १९६१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. गॅबापेंटिनला १९९३ साली अपस्मारासाठी आणि २००२ साली नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. प्रिगॅबालिन आणि ड्युलॉक्सेटिन या दोहोंना मधुमेहजन्य मज्जातंतूवेदनेसाठी अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली.

यामागील तर्क सरळ आहे. अपस्मारात मेंदूतील पेशी अवाजवी उत्तेजित होतात. वेदनेत मज्जातंतू अवाजवी उत्तेजित होतो. गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन तंतूंवरील कॅल्शियमच्या मार्गांना चिकटतात आणि वेदनेचा संदेश पुढे ढकलणाऱ्या रसायनांचा स्राव कमी करतात. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलॉक्सेटिन मेंदूकडून खाली येणारी, वेदना दाबणारी निसर्गदत्त यंत्रणा बळकट करतात. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन सहसा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, म्हणजे नैराश्यात लागणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळच कमी. औषध तेच असले तरी प्रयोजन निराळे आहे. आणि समजा, दीर्घ वेदनेमुळे एखाद्याला नैराश्य आलेच असेल, तर त्याचा उपचार करण्यातही संकोच वाटण्याचे कारण नाही.

अपेक्षा किती ठेवावी?

बंधू-भगिनींनो, येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. ही औषधे वेदना पुसून टाकत नाहीत. दुखणे दहापैकी सातवरून तीन-चारवर आले, रात्री सहा तास झोप लागू लागली, देवळापर्यंत चालत जाता येऊ लागले, तर तो उत्तम गुण समजावा. ही अपेक्षा आरंभीच सांगितली नाही, तर रुग्ण पंधरा दिवसांत निराश होतो आणि डॉक्टर बदलत फिरतो.

आकडेच सांगतो. ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्ये २०२५ साली या विषयावरील शेकडो चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत एका अधिक रुग्णाला लक्षणीय आराम मिळावा, यासाठी किती जणांना औषध द्यावे लागते, असा हिशेब त्यात आहे. अमिट्रिप्टिलिनच्या गटासाठी तो आकडा ४.६, ड्युलॉक्सेटिनच्या गटासाठी ७.४ आणि प्रिगॅबालिन-गॅबापेंटिनसाठी ८.९ असा आला. याचा अर्थ असा की, शेजाऱ्याला गुण आलेली गोळी आपल्याला गुण देईलच असे नाही, आणि एका गोळीने गुण आला नाही म्हणून सर्व मार्ग खुंटले असेही नाही.

ब्रिटनमधील १३ केंद्रांत १३० मधुमेही रुग्णांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन किंवा प्रिगॅबालिन यांपैकी कोणत्याही औषधाने आरंभ केला आणि पुरेसा आराम नसल्यास दुसऱ्याची जोड दिली, तरी अंतिम परिणाम सारखाच आढळला. सरासरी वेदना ६.६ वरून ३.३ च्या आसपास आली. तेव्हा कोणत्या औषधाने आरंभ करायचा, हे रुग्णाचे वय, हृदय, मूत्रपिंड, वजन, झोप आणि खिसा पाहून ठरवता येते.

याची दुसरी बाजूही आहे. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेला, म्हणजे सायटिकाला, सर्रास प्रिगॅबालिन दिले जाते. ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर झालेली आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते की, त्यात प्रिगॅबालिन निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. चक्कर मात्र अधिक जणांना आली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०२० पासून सायटिकासाठी ही औषधे देऊ नयेत असेच म्हटले आहे. म्हणून ‘नसांचे दुखणे’ या एकाच नावाखाली सर्वांना एकच गोळी, हे योग्य नव्हे. नेमके निदान ही पहिली पायरी आहे. चेहऱ्यावरील कळांना दाढेचे दुखणे समजून एकामागून एक चांगले दात काढून घेतलेले रुग्ण आम्हा चिकित्सकांना भेटतात, ते निदान चुकल्यामुळेच.

सवय लागते का?

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. शरीराला औषधाची सवय होणे ही एक गोष्ट. औषधाची हाव सुटणे, त्यासाठी खोटे बोलणे, मात्रा वाढवत नेणे ही दुसरी. दीर्घकाळ प्रिगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन घेतल्यावर शरीर त्याला जुळवून घेते. ते एकदम थांबवले तर झोप उडते, घाम येतो, मळमळते, अस्वस्थता वाढते, चक्कर येते आणि वेदना उसळून येते. अपस्मारावरील औषधे एकाएकी बंद केल्यास काहींना आकडीही येऊ शकते. रुग्णाला वाटते, ‘पाहा, व्यसन लागले.’ ते व्यसन नव्हे. डोंगर चढताना जसे टप्प्याटप्प्याने चढलो तसेच उतरावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. चिकित्सक काही आठवड्यांत, जुना रुग्ण असल्यास काही महिन्यांत, मात्रा हळूहळू उतरवतात. थायरॉइडची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. या रुग्णांनाही म्हणू नये.

तथापि दुसरी गोष्ट अजिबात घडत नाही, असे सांगितले तर ती फसवणूक होईल. प्रिगॅबालिनचा नशेसाठी दुरुपयोग होतो. ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून प्रिगॅबालिन व गॅबापेंटिन यांना नियंत्रित औषधांच्या वर्गात घातले. आपल्याकडे पंजाबातील काही जिल्ह्यांत प्रशासनाने त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले. ट्रॅमॅडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक २०१८ पासून आपल्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. ज्याला पूर्वी मद्याचे वा अन्य व्यसन होते, त्याने ते चिकित्सकापासून लपवू नये. घरात तरुण मुले असतील तर ही औषधे औषधांच्या डब्यात उघडी न ठेवता कुलपात ठेवावीत आणि चिठ्ठीशिवाय गोळ्या देणाऱ्या दुकानदाराचे उपकार मानू नयेत.

मूत्रपिंड, तोल आणि अन्य सावधगिरी

‘या गोळ्यांनी मूत्रपिंडे जातात’ हा समजही तपासून पाहू. प्रिगॅबालिन व गॅबापेंटिन शरीरातून जवळजवळ जशीच्या तशी मूत्रावाटे बाहेर पडतात. ती मूत्रपिंड बिघडवतात असे नव्हे. परंतु मूत्रपिंड आधीच दुर्बल असेल तर ती शरीरात साचतात आणि रुग्ण गुंगीत राहतो, अडखळतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटते, वय झाले. म्हणून वर्षातून किमान एकदा, मधुमेही व वृद्धांनी त्याहून अधिक वेळा, रक्तातील क्रिएटिनिन तपासून त्यानुसार मात्रा ठरवली पाहिजे.

वृद्धांचे पडणे हा या औषधांचा सर्वांत घातक परिणाम मी मानतो. पाय बधिर, डोळे अधू, त्यात गोळीची गुंगी आणि रात्री लघवीसाठी अंधारात उठणे, हे एकत्र आले की खुब्याचे हाड मोडते. रात्रभर मंद दिवा, न्हाणीघरात धरायला दांडी, उठण्यापूर्वी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसणे, या साध्या गोष्टी औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. नवीन औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर काही दिवस दुचाकी-चारचाकी चालवू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली असा इशारा दिला आहे की, वृद्धांत, श्वसनाच्या रुग्णांत आणि अफूवर्गीय किंवा गुंगीच्या औषधांबरोबर घेतल्यास ही औषधे श्वसन मंदावू शकतात. मद्याबरोबर तर ती घेऊच नयेत.

इतर औषधांविषयी थोडक्यात. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो. प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडू शकते. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असणाऱ्यांना ते जपूनच द्यावे लागते. ड्युलॉक्सेटिनने आरंभी मळमळते, रक्तदाब वाढू शकतो आणि यकृताचा विकार असेल तर ते टाळतात. प्रिगॅबालिनने वजन वाढते, पावलांवर सूज येते. मधुमेहाचे पायोग्लिटाझोन किंवा हृदयाची दुर्बलता जोडीला असेल तर अधिक. गॅबापेंटिनबरोबर आम्लपित्तावरील अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे औषध घेतल्यास त्याचे शोषण घटते. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. कार्बामाझेपिनने रक्तातील सोडियम उतरू शकते आणि इतर अनेक औषधांचा प्रभाव बदलतो. गर्भधारणेचा विचार असलेल्या भगिनींनी त्यापूर्वीच चिकित्सकांशी बोलावे.

औषध मनाने थांबवू नये, या नियमाला अपवाद आहेत, तेही सांगतो. कार्बामाझेपिन सुरू केल्यानंतर अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप अशी लक्षणे दिसली, कोणत्याही औषधाने ओठ-चेहरा सुजला, श्वास लागू लागला, तर पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे. मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले, तर ते त्याच दिवशी घरच्यांना आणि चिकित्सकाला सांगावेत. तो दुबळेपणा नाही. काही वेळा तो औषधाचा परिणाम असतो आणि त्यावर उपाय असतो.

मूळ कारण विसरू नये

वेदनेचे औषध चालू झाले की मूळ आजाराकडे दुर्लक्ष होते, असे वारंवार दिसते. रक्तातील साखर चढलेलीच असेल तर मज्जातंतू झिजतच राहतील आणि गोळीची मात्रा वाढत जाईल. बधिर पाय रोज रात्री तपासणे, अनवाणी न चालणे, भेगा-फोड यांवर लगेच उपचार करणे हेही याच उपचाराचे अंग आहे.

नागिणीबाबत तर वेळेलाच मोल आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर त्याचा लाभ सर्वाधिक होतो. आपल्याकडे मात्र ते तीन दिवस गेरूचा लेप लावण्यात आणि नागीण उतरवणाऱ्याचा शोध घेण्यात जातात. ‘नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो’ ही समजूत निराधार आहे. ती एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच पसरते आणि सहसा शरीराच्या एकाच बाजूस राहते. नागीण टाळणारी, दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी उपलब्ध आहे. ती महाग आहे, पण पुढील वेदनेच्या तुलनेत तिचा विचार अवश्य करावा.

आपल्यापैकी अनेकजण आयुर्वेदाचा आधार घेतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि गृध्रसीचे वर्णनही आहे. आपल्या पूर्वजांनी या दुखण्याची बारकाईने दखल घेतली होती, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु वैद्य आणि डॉक्टर यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याची औषधे दाखवावीत. नाव-घटक न लिहिलेली पुडी कोणाकडूनही घेऊ नये. शिसे आणि आर्सेनिक यांनी मज्जातंतूंनाच इजा होते, हे आधुनिक शास्त्राने निःसंशय सिद्ध केले आहे. नियमित चालणे, झेपेल तेवढी आसने, ठरलेल्या वेळी झोप यांचा उपयोग आहेच. ते औषधाच्या जोडीला करावे. गोळी सोडण्याची पैज म्हणून करू नये.

कुटुंबाचे काम

ही वेदना क्ष-किरणात दिसत नाही. जखम नाही, ताप नाही, सूज नाही. म्हणून घरातच तिच्यावर अविश्वास दाखवला जातो. ‘कामाच्या वेळी बरे दुखते’ हे वाक्य एखाद्या सुनेला किती वर्षे ऐकावे लागले असेल, याची कल्पना करा. दुसरीकडे, वडील मुलाच्या खर्चाचा विचार करून दोनऐवजी एकच गोळी घेतात आणि कोणाला सांगत नाहीत. खर्च ही खरी अडचण आहे. त्यासाठी मूळ रासायनिक नावाने मिळणारी स्वस्त औषधे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. जनऔषधी केंद्रांची योजना २००८ पासून त्यासाठीच आहे. मात्र पैशासाठी मात्रा मनाने अर्धी करू नये.

घरात एक वही ठेवा, असा माझा आग्रह आहे. तिच्यात आठवड्यातून एकदा पाच गोष्टी लिहाव्यात : वेदना दहापैकी किती, झोप किती तास, चालणे किती, गुंगी-चक्कर-सूज काही आहे का, आणि या आठवड्यात किती गोळ्या चुकल्या. एकही शब्द पांडित्याचा नको. ही वही घेऊन तीन ते सहा महिन्यांनी चिकित्सकांकडे जावे आणि तीन प्रश्न विचारावेत. या औषधाचा मला अजून उपयोग होतो आहे का? हीच मात्रा हवी का? आता कमी करून पाहता येईल का? योग्य मात्रा चार ते आठ आठवडे नीट घेऊनही उपयोग झाला नसेल, तर ते औषध क्रमाक्रमाने थांबवून दुसरे पाहणे हेच शहाणपणाचे. उपयोग होत असेल आणि प्रकृती कित्येक महिने स्थिर असेल, तर चिकित्सकाच्या देखरेखीखाली मात्रा थोडी उतरवून पाहावी. काहींचे औषध अशाने सुटते, काहींचे कमी होते. काहींची वेदना परत वाढते आणि त्यांना पूर्वीची मात्रा पुन्हा सुरू करावी लागते. यात हार काहीच नाही. निदान ते औषध आपल्याला खरोखर हवे आहे, हे तरी कळते.

आणि एक गोष्ट चिकित्सकांनाही लागू आहे. रुग्णाला औषध कशासाठी, किती काळ आणि कसे थांबवायचे, हे सांगण्यासाठी पाच मिनिटे देणे हा आमच्या कर्तव्याचाच भाग आहे. ती पाच मिनिटे आपण हक्काने मागून घ्यावीत.

आपल्या घरातील, शेजारातील असा एखादा रुग्ण आज आपल्याला आठवला असेल. घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा. दुखते का, यापेक्षा झोप लागते का, हे विचारा. गोळ्यांचा डबा उघडून त्याच्याबरोबर पाहा : कोणती गोळी कशासाठी आहे, ती किती वर्षांपासून चालू आहे, शेवटची तपासणी कधी झाली. उत्तरे मिळाली नाहीत, तर त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. तोवर एकही गोळी परस्पर बंद करू नका आणि एकही वाढवू नका.